जीपला थंडी बाधू नये म्हणून

बुकित पंजांग, सिंगापूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. अनघास,
विश्वासचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल फोनवर तुझं निम्मं बोलणं वाऱ्यानेच नेलं. तुमच्या आरोग्य केंद्रात दोन-चार दिवसांनी का होईना इंटरनेट येतं म्हणतेस, तर आता मेलवरच लिहितो. पण आईला आवडायचं तसं, मायना घालून.

उरलेल्या निम्म्यातून एवढं कळलं की तुमचा ड्रायव्हर हात मोडून घरी गेला आणि स्पितीतला अख्खा हिवाळा रुग्णांची जीप तूच चालवणार. ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आज रिफायनरीला जाताना जुरोंग आयलंडच्या गेटवर पास घरीच विसरल्याचं लक्षात आलं.

तू डॉक्टर आहेस, पण डिझेल हा माझा विषय. आमच्या रिफायनरीत बनतं ते उष्ण देशांसाठी. डिझेलमध्ये मेण असतं. एरवी ते विरघळलेलं राहतं, कडाक्याच्या थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर बुजतो. इंजिन धडधाकट असून उपाशी मरतं. म्हणून मैदानातून आणलेलं डिझेल टाकीत ठेवू नकोस, हिवाळी डिझेल मागव. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नाही ना, अँटिफ्रीझ आहे ना, ते बघ. पाणी गोठलं तर इंजिनाला तडा जाईल. बॅटरी नवी घाल. टाकी भरलेली ठेव, नाहीतर आत दव साठतं आणि त्याचा बर्फ होतो.

ऋचा विचारते, हे पत्र बहिणीला आहे की गॅरेजला. अनुयाच्या मते आत्या बर्फात जीप चालवते म्हणजे, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, 'सो कूल लाह'. तिला काय कळतंय!

उत्तराला उशीर करू नकोस. लोभ तर आहेच, सध्या काळजी जास्त आहे.

तुझा,
दादा


आरोग्य केंद्र, स्पिती
४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
अनघाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आमच्या नर्सला हिंदीतून वाचून दाखवलं. तिला वाटलं माझा भाऊ मेकॅनिक आहे. तिथल्या मेट्रोतल्या एसीला घाबरून जाकीट घालणाऱ्या माणसाने मला थंडी शिकवावी, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

तरी सांगितलंस ते बहुतेक केलं. अँटिफ्रीझ घातलं. बॅटरी नवी आहे, ती संध्याकाळी काढून घरात आणते आणि शेगडीजवळ मांजरासारखी ठेवते. डिझेलचं मात्र पूर्ण जमलं नाही. हिवाळी डिझेलचं अर्धंच पिंप पोचलं आणि बर्फाने वरच्या खिंडीतला रस्ता बंद झाला. म्हणून त्यात जुनं डिझेल आणि थोडं रॉकेल मिसळलंय. इथे सगळे तेच करतात. त्यातूनही गाडी अडली तर टाकीखाली शेकोटी पेटवतात. दचकू नकोस, मी पेटवत नाही.

मला काळजी आहे ती डोल्माची. वरच्या गावातली मुलगी, पहिलटकरीण, आणि मूल पोटात आडवं आहे. घरी बाळंतपण होऊच शकत नाही. जानेवारीच्या मध्यावर तिला खालच्या मोठ्या रुग्णालयात पोचवायचं आहे. तेवढी एक खेप नीट झाली की मी सुटले.

वहिनीला नमस्कार, अनुयाला पापा. माया अशीच राहू दे, फक्त थोडी कमी तांत्रिक.

तुझी,
अनघा


बुकित पंजांग
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

शेकोटीचं वाचलं तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो. मजल्याचं बटण दाबायचं राहूनच गेलं. शेजारच्या चिनी आजींनी हात धरून बरं वाटत नाही का विचारलं, तेव्हा भानावर आलो.

रॉकेलने भागतं, पण किती थंडीपर्यंत भागेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही नाही, आणि मी याच कामाचा पगार घेतो. म्हणून तुझ्या जीपचे दोन फिल्टर कुरियरने पाठवलेत. ते सीटखाली ठेव. फिल्टर बदललास की वरचा छोटा हातपंप दाबत राहायचं, तो घट्ट लागेपर्यंत. मगच किल्ली फिरवायची. शक्य तर डोल्माला डिसेंबरमध्येच खाली नेऊन ठेव.

आणि खरं मनातलं लिहू? तू हे सगळं सोडून ये. आई-बाबा गेल्यावर माझ्या बालपणाबद्दल बोलायला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. वाचून रागावशील, तरी लिहिलं.

पोच कळव. वाट पाहतोय.

दादा


बुकित पंजांग
६ जानेवारी २०२५

प्रिय अनघा,
सप्रेम नमस्कार.

हे विश्वासला न सांगता लिहितेय. तुझा शेवटचा निरोप नाताळात आला, की डोल्माची सासू तिला इतक्या लवकर सोडायला तयार नाही. त्यानंतर काहीच नाही. केंद्राचा फोन लागत नाही. तुमच्या संस्थेच्या सिमल्याच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले, बर्फाने वरची लाइन तुटली आहे, त्यांनाही काही माहीत नाही.

विश्वास दिवसभर फोनवर तुमचं हवामान बघतो. इथे घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि हा मला सांगतो, आज उणे अठ्ठावीस. काल हॉकर सेंटरला जेवायला नेला, तर ताट तसंच सोडून उठला. त्याच्यासमोर मी हसून म्हणते की डोंगरात असं चालायचंच. पण तुला सांगते, मीही फार घाबरले आहे. भाजी चिरताना मध्येच हात थांबतो.

एक ओळ पाठव गं. मायना नको, सही नको, चालेल.

तुझी,
ऋचावहिनी


आरोग्य केंद्र, स्पिती
११ जानेवारी २०२५

ती. दादास आणि वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. हे आधी वाचा, मग बाकीचं.

डोल्माला आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या. सकाळी तिला आणि तिचा नवरा आंगदुई याला घेऊन निघाले. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली, म्हणून मी जरा खुशीतच होते. उतारावर एक वळण आहे, तिथे ऊन पोचत नाही. त्या वळणावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं.

दादा, इंजिन बंद पडल्यावरची ती शांतता मला सांगता येणार नाही. हीटर गेला. आमच्याच श्वासाचा काचांवर आतून बर्फ जमायला लागला. मागे डोल्मा ओठ चावून कण्हत होती. मूल आडवं, म्हणजे तिथे मी काहीही करू शकत नव्हते. डॉक्टर असून नव्हते.

मी बॉनेट उघडलं. जाड हातमोज्यांनी फिल्टर पकडता येईना, म्हणून ते काढले. बोटं लोखंडाला चिकटली. जुना फिल्टर निघाला तो गोठलेल्या तुपासारख्या मेणाने भरलेला होता. आंगदुई रडत म्हणत होता की टाकीखाली आग लावू दे. मी त्याच्यावर ओरडले. मग वाटलं, लावू दे, काय व्हायचं ते होऊ दे. तोंडातून 'हो' निघणारच होतं. तेवढ्यात डोल्माने मागून थर्मास पुढे केला. तिच्याचसाठी घेतलेलं गरम पाणी. ते मी डिझेलच्या नळीवर ओतलं, तू पाठवलेला नवा फिल्टर सीटखालून काढून बसवला आणि पंप दाबत राहिले. बोटांना काही कळत नव्हतं, पंप घट्ट झाला हे डोळ्यांनी पाहून ठरवलं. किल्ली फिरवली. नाही. परत. नाही. तिसऱ्यांदा आंगदुईने डोळे मिटून घेतले, आणि जीप धूर ओकत सुरू झाली.

खालच्या रुग्णालयात पोचताच शस्त्रक्रिया झाली. मुलगी आहे, काळ्याभोर जावळाची. दोघी बऱ्या आहेत. माझ्या दोन बोटांची टोकं थंडीने भाजली आहेत. काळी पडलीत, बहुधा कातडी निघून बरी होतील.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. काल वरच्या गावातून एका म्हाताऱ्या बाबांना आणायचं होतं. मी जीपमध्ये बसले, पण हात किल्लीकडे जाईना. घाम फुटला, उणे तापमानात. शेवटी उतरले आणि खोटंच सांगितलं की जीप बिघडली आहे. बाबांना गावकऱ्यांनी खाटेवरून आणलं. ते बरे आहेत, पण मला त्यांच्याकडे बघवेना. मला परत यायचं नाही, दादा. इथे मी हवी आहे. पण मला फार भीती वाटते, आणि या भीतीचं काय करायचं ते मला माहीत नाही.

रागावू नका, एवढीच मागणी.

तुमची,
अनघा


बुकित पंजांग
१३ जानेवारी २०२५

चि. अनघास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. सगळे उतरले, मी बसूनच होतो. शेवटी ड्रायव्हरने येऊन उठवलं.

रजा मंजूर झाली आहे. शुक्रवारच्या विमानाने दिल्ली, तिथून सिमल्यावरून जी गाडी मिळेल तिने वर. ऋचाने बॅग भरायला घेतली आहे. मला त्या रस्त्याची भीती वाटते, उंचीची वाटते, आणि बर्फ मी आजवर फक्त फ्रिजमध्ये पाहिला आहे. म्हणजे तिथे माझा उपयोग शून्य.

जीप मी चालवणार नाही. किल्ली तूच फिरवायचीस. मी शेजारी बसेन. नाही फिरवता आली तर दोघं तसेच बसून राहू. मग उतरू, चहा पिऊ, आणि परत जाऊन बसू.

तोवर बोटांना जप.

घाबरलेला, तरी निघालेला,
तुझा दादा