मोकळा पारा

३ जून
ह्यांचा हात आज परत थरथरला. चहा बशीत, बशीतून पायजम्यावर. वर म्हणतात, "कप गळका आहे." कप गळका!

जाऊबाईने मोबाइलवर दाखवलं — दातात भरतात त्या चांदीत अर्धा पारा असतो, तो मेंदूत चढतो आणि कंपवात होतो. ह्यांच्या पाच दाढा चांदीच्या! उद्याच उकरून घेते.

४ जून
दातांचा डॉक्टर नाहीच म्हणाला. "कोरायला गेलो तर उलट वाफ जास्त निघेल. आणि चांदीमुळे कंपवात होतो, असं पक्कं काही सापडलेलं नाही." मी म्हटलं, "मग हात काय हौसेने हलतो?" त्याने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

९ जून
बाईंनी ह्यांना नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं.

मग म्हणाल्या, "काम काय करता?"

"बीपीची मशिनं दुरुस्त करतो. जुनी, पाऱ्याची. घरीच, पलंगाशेजारी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दातातला पारा घट्ट बांधलेला असतो. मोकळ्याची वाफ होते, ती श्वासातून आत जाते. सांडतो का?"

"थोडा. पण ही लगेच झाडून घेते."

"झाडू नका! झाडलं की फुटून पसरतो." ह्यांची लघवी तपासायला घेतली. "तुमचीही देऊन जा."

"मला काय धाड भरलीय!" मी उठलेच.

घरी पडदे ओढले, बॅटरी जमिनीलगत आडवी धरली. आई गं! फरशीच्या फटीफटीत चांदण्या! एकीला काडीने डिवचलं — नको म्हटलं होतं तरी — तर दोन झाल्या. दोन्ही गोल. दोन्हीत खिडकी, दोन्हीत मी, इवलीशी! ना वास, ना आवाज. आणि एवढ्या दांडग्या माणसाला हलवतो! कितीतरी वेळ उकिडवी बसून राहिले. भीती वाटायची सोडून हात जोडावेसे वाटले.

मग खोलीला कुलूप. मुक्काम जाऊबाईकडे.

१७ जून
ह्यांच्या लघवीत पाराच! तोंडं बांधलेली माणसं येऊन फटी उकरून गेली. बाई म्हणाल्या, हात हळूहळू ताळ्यावर येईल. हे खूश — "माझ्या दाढा वाचल्या!"

२१ सप्टेंबर
ह्यांनी आज सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात! ऐटीत सुई माझ्या हातात दिली.

सुई हलायला लागली.

"नक्कल पुरे," हे म्हणाले.

माझी एकही दाढ भरलेली नाही.