बाबांचं दुपारचं मीठ

नौपाडा, ठाणे
११ मार्च १९५७

ती. परशुरामदादास,
गोदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. वहिनीनं धाडलेली सुकट पोचली. घरभर वास सुटला तसं माहेरी आल्यासारखं वाटलं.

तू वीजघरात कामाला आहेस म्हणून विचारते. सासऱ्यांच्या, म्हणजे इकडच्या बाबांच्या, इन्सुलिनसाठी ह्यांनी रेफ्रिजरेटर आणला, तो एका पारशी कुटुंबानं वापरलेला आहे. आधी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवायचो. उन्हाळ्यात ती बिघडली आणि बाबा अंथरुणाला खिळले, ते तुला ठाऊकच आहे. आता विजेचं बिल असं आलंय की थोरले भाऊजी, काळुरामदादा, रोज मीटरखाली उभे राहून मान हलवतात. पुढचं बिल असंच आलं तर हे थंडीचं कपाट विकायचं, असं त्यांनी सांगून टाकलंय.

तर दादा, असं कपाट किती वीज खाईल तर रास्त म्हणायचं? माणसाच्या भुकेचा अंदाज येतो, याचा कसा यायचा?

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
गोदा

डोंबिवली
१६ मार्च १९५७

चि. सौ. गोदास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू चंद्र कोण पेटवतं असं विचारायचीस. त्यापेक्षा हा प्रश्न सोपा.

हे कपाट थंडी तयार करत नाही गं. आतली ऊब उचलून मागच्या बाजूनं बाहेर टाकतं. म्हणून त्याची पाठ गरम लागते. भिंतीला चिकटवलं असेल तर हातभर पुढे ओढ. ऊन दूध आत ठेवू नकोस. दारात कागद धरून दार लाव. कागद सहज निसटला तर रबर गेलं असं समज. आत बर्फ बोटभर जाड झाला की वितळवून टाक.

मग एक दिवस दिवे, रेडिओ बंद ठेवून नुसतं कपाट चालू ठेव आणि मीटरचे आकडे अधूनमधून बघ. दिवसाला दीड युनिटाच्या आसपास गेलं तर रास्त. उन्हाळ्यात थोडं जास्त धर. कानानंही कळतं. मोटर घुमते, मग दम खाते. दम खात असेल तर यंत्र धडधाकट. सारखी घुमत राहिली तर कुठूनतरी ऊब आत शिरतेय, ती शोध.

वहिनी म्हणते, सुकट संपली असेल तर लाजू नकोस.
तुझं बरं चिंतणारा,
परशुराम

नौपाडा, ठाणे
२५ मार्च १९५७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. कागद घट्ट बसला. कपाट पुढे ओढलं. सकाळी मोटर शहाण्यासारखी दम खात होती. दुपारी मात्र मीटरची चकती नुसती पळत सुटली. तेव्हा घर झोपलेलं असतं. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.

बाबा उठले. भिंतीला हात लावत गेले, कपाटाचं दार सताड उघडलं आणि समोर पाट टाकून बसले. बाहेर पांढरं ऊन, आतून धुक्यासारखी हवा त्यांच्या पायांवर उतरत होती. बर्फाच्या कप्प्यावर पांढरी साय धरली होती. तिच्यावर ते अलगद बोट फिरवत होते. मी जवळ गेले तर दचकले नाहीत. हळूच म्हणाले, बायजाच्या वाफ्यात आज मीठ धरलंय, पण कोवळं आहे, ओढू नका, वारा पडू दे. बायजा म्हणजे माझी वारलेली सासू. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

दादा, मीही त्यांच्याजवळ बसले. खरं सांगते, मलाही खाडीचा वास आला.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा भाऊजींनी घरचं मिठाचं आगर विकलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. आता वीज कुठं जाते ते भाऊजींना कसं सांगू? ते कपाटाला कुलूप लावतील.
तुझी गोंधळलेली,
गोदा

डोंबिवली
२९ मार्च १९५७

चि. सौ. गोदास,
आशीर्वाद.

यंत्राचा दोष नाही, त्याची भूक रास्त आहे. काळुरामला माझं नाव घेऊन तसं सांग. दुपारचंही सांग. पण नुसतं सांगू नकोस, एकदा त्याला दुपारी घरी थांबव आणि बघू दे. दार फार वेळ उघडं राहिलं तर औषध बिघडेल, एवढं मात्र सांभाळ. बाबांच्या त्या दुपारचं माप काढायला माझ्याकडे मीटर नाही गं.
परशुराम

नौपाडा, ठाणे
२२ एप्रिल १९५७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजी थांबले. दाराआडून बघत राहिले. बाबांनी त्यांना ओळखलं, जवळ बोलावलं आणि विचारलं की काळू, आपलं आगर कुणाकडे आहे आता? भाऊजींनी खाली बघून खरं ते सांगितलं. बाबांनी बर्फावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, दार लाव, औषध तापेल.

कपाट विकायचं पुन्हा निघालं नाही. काल रविवारी भाऊजींनी टांगा आणला आणि बाबांना कोपरीपलीकडे त्यांच्या चुलतबहिणीच्या, ठमाबाईंच्या, आगरावर नेलं. मीही गेले. सगळे वाफे पांढरे, वर आभाळही तसंच. कुठं पाणी संपतं आणि कुठं आभाळ लागतं ते कळेना. डॉक्टरांनी अनवाणी चालायला मनाई केलीय म्हणून बाबा वहाणा घालून बांधावरच बसले. खाऱ्या पाण्यात उतरले ते भाऊजी. जन्मात कधी मीठ ओढायची फळी धरली नव्हती त्यांनी! बाबा वरून सांगत होते की हलक्या हातानं ओढ, खालचा चिखल उठवू नको, पोटच्या पोरासारखं उचल. भाऊजी चुकत होते, बाबा ओरडत होते, ठमाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबांचा आवाज एवढा मोठा मी पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी भाऊजींचे पाय मिठानं तडकले होते. मी खोबरेल पुढे केलं. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, आजच्या दिवस मीठ राहू दे.

वहिनीला सांग, येताना मीठ आणते.
तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
गोदा