कट्टा ठेवायचा की फोडायचा

अण्णा, आता सगळे मलाच विचारतात, जसा काही तो कट्टा तुम्ही माझ्या नावावर करून गेलात. पेठेतलं जुनं वॉर्ड ऑफिस पाडून त्याच कोपऱ्यावर नवं बांधतायत. जुन्याच्या दारापुढच्या दगडी कट्ट्यावर तुम्ही जन्मभर शिलाई मशीन मांडून बसलात, म्हणून गल्लीतले पुरुष म्हणतात, मास्तरांचा कट्टा आहे, त्यांची मुलगी सांगेल तसं करा. एरवी मला कोणी कधी काही विचारलं नाही.

नकाशा काढणारा पोरगा पुण्याचा. राहतो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, येतो उशिरा, ट्रॅफिकला शिव्या देत. या कानडी मुलखात मी मराठी बोलते कळल्यापासून मला सोडतच नाही. परवा पुठ्ठ्याची छोटी इमारत घेऊन माझ्या शिलाईच्या दुकानात आला आणि ब्लाउजांच्या ढिगावरच ठेवली. म्हणाला, "अक्का, हा कट्टा हेरिटेज आहे. अख्खं डिझाइन मी त्याच्याभोवती केलंय." कट्ट्यावर नखाएवढी माणसं चिकटवलेली. मी म्हटलं, "सगळे पुरुषच बसलेत." म्हणाला, "पाकिटात तशीच येतात." "मग बायका कुठं जाणार?" "कुठं म्हणजे?" "जायला, रे." तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. बायकांचं शौचालय त्यानं वरच्या मजल्यावर मागं काढलंय, ऑफिस बंद झालं की तेही बंद. खाली, रस्त्यावरून उघडणारं पाहिजे म्हटलं, तर कट्टा ठेवला की खाली जागा उरत नाही. कागदावर दोनदा आखून बघितलं त्यानं. "दोन्हीपैकी एकच होईल, अक्का." खोटं नाही बोलला. मी म्हटलं, सरी, बरं, बघते.

बघायचं काय त्यात? चौथीतून काढून तुम्ही मला काजाबटणाला बसवलंत ते त्याच कट्ट्यावर. उन्हाळ्यात दगड तापायचा, तर मी बसायच्या आधी तुम्ही त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचात आणि हातानं पुसून घ्यायचात. तेवढं नंतर कोणी माझं केलं नाही, नवऱ्यानंही नाही. पण दुसरंही आठवतं. भर दुपार आहे, मी सुई धरून पाय आवळून बसलेय आणि शेवटी तुम्हाला सांगते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "घरी जाऊन ये." घर म्हणजे अख्खा बाजार ओलांडून. धावत गेले, धावत आले, तर गिऱ्हाइकासमोर ओरडलात, "कुठं भटकत होतीस?" तुम्ही स्वतः मागच्या भिंतीकडे जाऊन यायचात, तुम्हाला कोण विचारणार? त्या दिवसापासून मी कामाच्या जागी पाणी पीत नाही. अजून नाही.

शेजारच्या फुलवालीला आता मूतखडा झालाय. डॉक्टर म्हणतो, भरपूर पाणी प्या. ती मला म्हणते, "पिते की. मग जाऊ कुठं, तुझ्या अण्णांच्या कट्ट्यावर?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. तरी वॉर्डाच्या सभेत बोल म्हटलं तर म्हणते, "तुमच्या घरातली गोष्ट, आम्ही कशाला तोंड घालू?"

शुक्रवारी सकाळी सभा आहे. मला विचारणार आणि मी सांगणार, फोडा. पुण्याच्या पोराचं तोंड उतरेल, पुरुष म्हणतील, बापाची आठवण ठेवली नाही. म्हणू देत, त्यांना भिंती आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेवढं मलाही कळतं. पण कालपासून दुपारचा डबा घेऊन मी तिथंच जाऊन बसते, तुमच्या मशीनच्या पायांनी दगडात खळगे पडलेत त्यांच्यापाशी. आज दगड फार तापला होता. तांब्याभर पाणी ओतलं, हातानं पुसलं आणि मगच बसले.

तुम्हाला काही म्हणायचं असेल तर गुरुवार संध्याकाळपर्यंत सांगा. शुक्रवारी मी थांबणार नाही.