दुसरीच्या वर्गातले माझे शेवटचे पाच दिवस

२ फेब्रुवारी, सोमवार
इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा. शुक्रवारी कॉलेजातून अश्विनी मॅडम माझा शेवटचा पाठ बघायला येणार. पाठ पास झाला की मी सुटलो. मग जळगाव जामोदहून थेट पुणे, स्पर्धा परीक्षेचा क्लास. या गावात माझ्या टॅलेंटला वाव नाही. रेंजसुद्धा नाही.
विषय आलाय ‘आपले मदतनीस’. डॉक्टर, पोस्टमन, न्हावी, कुंभार, कंडक्टर. इतका सोपा विषय देणं हा माझा अपमान आहे. तरी आजच पाठ टाचण काढून टाकायचं.

३ फेब्रुवारी
टाचण निघालं नाही. डास फार.
मुख्याध्यापक हिंमतराव सरांनी दुसरीचा वर्ग पुन्हा माझ्यावर सोपवला आणि ते चौथीत गेले. माझ्यावर भारी विश्वास.
मुलांना पोस्ट ऑफिस दाखवायला घेऊन निघालो. कृतीतून शिक्षण! वाटेत मोकळं शेत लागलं आणि धम्मरत्नने दप्तरातून बॅट काढली. शारीरिक शिक्षण हाही विषयच आहे. मी चांगला सेट झालो होतो, तेवढ्यात पोस्ट बंद झालं.

४ फेब्रुवारी, मधली सुट्टी
सगळ्या मदतनीसांचे तक्ते करायचे ठरवले होते. डॉक्टर काढला. रवी म्हणाला, हे तं बुजगावणं दिसून राह्यलं. या वयात कला कळत नाही. बाकीचे तक्ते रद्द.
सहज प्रश्न विचारून बघितले. पोरांना सगळं तोंडपाठ! इंजेक्शन कोण देतं, माठ कोण घडवतं, तिकीट कोण फाडतं, सगळं. मी हे कधी शिकवलं ते आठवत नाही. पण शिकवलं असणारच, दुसरं कोण शिकवणार?
उरलेला वेळ स्वयंअध्ययन दिलं. मी कडुनिंबाखाली जरा आडवा झालो.

५ फेब्रुवारी
टाचण आता काढण्यात अर्थ नाही. खरा शिक्षक उत्स्फूर्त असतो.
मुलांना मोटिव्हेट केलं. सांगितलं, उद्या मॅडमसमोर सगळी उत्तरं बरोबर दिलीत तर मी पास. पास झालो की गेलो, परत काही यायचो नाही. वर्गाची मॉनिटर अपेक्षा, तिने विचारलं, मंग आमच्या वर्गावर कोन? म्हटलं, हिंमतराव सर. रवीच्या डोळ्यांत पाणी आलं.
मी त्याला माझा रुमाल दिला. पण किती दिवस अडकून पडायचं? मनावर दगड ठेवून जावंच लागणार. बॅग भरून ठेवली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार
इंजेक्शन कोण देतं, असं विचारलं. रवी म्हणाला, न्हावी. सगळा वर्ग एका सुरात, न्हावी. माठ कोण घडवतं? कंडक्टर. मॅडमनी स्वतः विचारलं, बाळांनो, डॉक्टर काय करतात? धम्मरत्न उठून म्हणाला, केस कापतात. शेवटी अपेक्षाला उभं केलं, सगळ्यात हुशार पोरगी. ती डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाली, पोस्टमन आजारी माणसाले भट्टीत भाजते.
मॅडमनी विचारलं, हे सगळं तुम्हीच शिकवलंत का? सवयीने हो म्हणून बसलो.
पाठ नामंजूर. एक महिना वाढला. हीच शाळा, हाच वर्ग.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भरलेली बॅग रिकामी करत होतो, तर अपेक्षा खोलीच्या दारात. मागे अख्खी दुसरी. “आता तं तुमी जात नाई ना सर?”
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रागवायला हवं होतं, पण भरून आलं. एवढा जीव कुणी लावला नव्हता मला. विचारलं, मी तुम्हाला इतका काऊन आवडतो?
“हिंमतराव सर रोज पाढे घेतात,” ती म्हणाली. “तुमी काईच शिकवत नाई.”
आणि मागची सगळी पोरं हो म्हणाली.