सहा फुटी करवत

मोंटाना, ११ जून

प्रिय बाबा,

‘जिथे माणसानं राहायचंच नाही, ते जंगल कुणासाठी?’ बावीस वर्षांपूर्वी, हे खोरं राखीव करायचं की नाही यावरच्या गावच्या सभेत उठून तुम्ही विचारलं होतंत. ते परवापासून मनात घोळतं आहे.

गुडघा कसा आहे? नील्सदादा म्हणतो, त्यानं आणलेल्या काठीला तुम्ही हात लावत नाही. इथे वरचं बर्फ वितळलं. अस्वलाची पिल्लं आमच्या वनखात्याच्या चौकीसमोरून गेली.

गेल्या हिवाळ्यातल्या वादळानं खोऱ्यातल्या वाटेवर एकशेचाळीस झाडं आडवी पाडली आहेत. कायद्यानं इथे मोटार नाही, यंत्राची करवतही नाही. सगळं हातानं कापायचं. तेव्हा सांगूनच टाकते. आईच्या अंत्यविधीला आले होते, तेव्हा शेडच्या भिंतीवरची तुमची सहा फुटी करवत मी नेली. न विचारता. नील्सवर संशय घेऊ नका.

ती ओढली की लाकडाचे शेवयांसारखे लांब धागे निघायचे. धार गेली म्हणून मी स्वतःच कानस चालवली आणि लाकूड खरवडून बाहेर काढणारे मधले दात जास्तच घासले. आता नुसता भुसा पडतो.

“अगं, हे कापणं नाही, चावणं आहे,” खेचरवाला डेल्बर्ट म्हणाला. “हिला कवळी बसव, नाहीतर बापाला बोलव.”

“ते यायचे नाहीत.”

“विचारलंस?”

मी खेचराला पाणी पाजायला गेले.

बाबा, त्या सभेत तुमच्या आधी मी बोलले होते. ‘हे जंगल ओरबाडणारे हात थांबवा,’ म्हणाले. तुम्ही पहिल्या रांगेत होतात, हात मांडीवर ठेवून. करवतीनं कापलेल्या अंगठ्याला पट्टी होती. मला दिसत होती, तरी मी वाक्य पूर्ण केलं. तीन वर्षांनी लाकूडगिरणी बंद झाली. खोरं राखलं याचा पस्तावा मला नाही. त्या वाक्याचा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट येत नाही. एवढंच कळलंय, की कुणी राहत नसलं तरी वाट कुणीतरी मोकळी ठेवावी लागते. आणि ती तुमच्याच हत्यारानं. माझ्या हाताखालच्या सहाजणांना ते हत्यार शिकायचं आहे. मलाही.

डेल्बर्ट त्याचं सगळ्यात गरीब खेचर द्यायला तयार आहे. एक दिवस वर याल? या खोऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणाला होतात, विसरलेले नाही. नाहीच म्हणाल. पण ते पत्रातून नको. इथे येऊन, त्या बिघडलेल्या दातांकडे बघून म्हणा.

तुमच्याच हातांत वाढलेली,
लोर्ना