पोळ्याच्या बैलावानी घासलेली जीप

अब्बा, आज शेडमधल्या नव्या कारागिरानं एका गाडीचा प्रायमर घासता घासता पार पत्रा उघडा केला, अन् मी रागवायचं सोडून हसत सुटली. त्याले वाटलं, मालकीणबाईचं डोकं फिरलं. मले आपली ती दसऱ्याची जीप आठवली, हे त्याले कसं सांगू? घरात आपली बोली हिंदी, पण रंगाचं सारं बोलणं गिऱ्हाइकांसंगं मराठीत व्हायचं, म्हणून तुमाले हे मराठीतच लिहून राह्यली.

मूल गावाच्या बाहेर, धानाच्या गिरण्यांच्या रस्त्यावर आपलं शेड. मी बारावी करून तुमच्या हाताखाली आलेली. रंग घोळणं, छटा जुळवणं, पाणी मारून पॉलिशपेपरनं घासणं, सगळं माझ्याकडं. फक्त रंग फवारायची गन नाई. "गन मागू नको," तुमी म्हणायचे, "तुझ्या हाताले लई घाई आहे." अन् मले तर त्या गनचं येडच लागलं होतं. रोटी लाटायले बसली तरी हात हवेत डावीकडून उजवीकडं जायचा. अम्मी म्हणायची, "रोटी को भी रंग देती क्या?" तुमी ऐकून न ऐकल्यासारखं करत जेवायचे.

ती जीप आणली बाजूच्या गावच्या एका काकांनी. जुनीच घेतलेली, पण दसऱ्याले पूजा नव्या रंगात झाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तुमी पोचे काढले, पुट्टी भरली, राखी प्रायमर मारला. तो हलक्या हातानं घासायचा अन् वर निळा रंग, एवढंच राह्यलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुमी रंग आणायले चंद्रपूरले गेले, अन् मी घरी गेली. तेवढ्यात काका अन् त्यांचे दोन भाऊ शेडवर आले. रिकामं बसून काय करायचं, म्हणून त्यांनी बादली घेतली, पेपर घेतला अन् लागले. पोळ्याले महिना-दीड महिनाच झालेला. नाल्यात उभं करून बैल घासायची सवय हातात ताजी होती. मी परत आली तर तिघंही घामाघूम, अन् जीपच्या प्रत्येक कडेवर, प्रत्येक उंचवट्यावर पत्रा चकाकून राह्यलेला. "हात फिरवून पाह्य, बाई," काका म्हणाले, "कसा लोण्यावानी झाला!" धाकटा भाऊ म्हणे, "शिंगं असती तर बेगडही लावला असता." माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

तुमी आले. रंगाचा डबा खाली ठेवला, जीपभोवती एक चक्कर मारली. तुमचा राग मले ठाऊक, म्हणून मी कंप्रेसरच्या मागं सरकली. "काऊन भाऊ," तुमी विचारलं, "हे जीप आहे का बैल?" काका म्हणाले, "बैलच समजा. जुंपणार तर आहोच." अन् तुमी चक्क खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग काका म्हणाले, "मारून द्या ना रंग. रंगाखाली कोण पाह्यते?" तुमचं हसू थांबलं. "पाऊस पाह्यते," तुमी म्हणाले. "उघड्या पत्र्यावर रंग धरत नाई. प्रायमर जिथी संपला तिथी उन्हात कडं दिसन, अन् पुढच्या पावसाळ्यात तिथूनच जंग फुगन. घाईत मारलेला रंग मी तुमाले दसऱ्याले नाई देणार."

काकांचं तोंड उतरलं. पण तुमी बारीक पेपर घेऊन कामाले लागलेले. प्रत्येक उघड्या डागाची कड इतकी पातळ करायची, की नख फिरवलं तर अडकलं नाई पाहिजे. मी मागून थिनरच्या फडक्यानं पुसत होती. मग प्रायमर घोळला, गन भरली अन् तुमच्याकडं धरली. तुमी हात पुढं केलाच नाई. "तुझ्याच हाती राहू दे. मी पुढच्या कडा घासतो, तू मागून मार. नाई तर उद्या खरंच बैलाची पूजा करा लागन."

या अल्ला! पहिल्याच डागावर हात थांबला अन् ओघळ आला. "थांबू नको!" तुमी असे ओरडले, की तिघे भाऊ जागच्या जागी उडाले. "डागाच्या अलीकडून सुरू कर, पलीकडं जाऊन गनचा घोडा सोड. पातळ मार. सुकू दे. मग दुसरा हात पहिल्याहून रुंद." मी ओघळ पुसते, पुन्हा मारते, अन् हळूहळू हात चालू लागतो. माझ्या समोर चकाकता पत्रा राखी होत जातो अन् मी येड्यासारखी हसत राहते. मदतीले पुन्हा उठलेल्या काकांना तुमी खाटेवर बसवलं, हात मांडीखाली ठेवायले सांगितले. बिचारे खरंच तसे बसले. प्रायमर वाळल्यावर आपण दोघांनीच त्यावरून अगदी हलका पेपर फिरवला, अन् दिवस मावळायच्या आत जीप निळी झाली.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूची माळ घातलेल्या जीपसमोर काकांनी विचारलं, "सांगा भाऊ, बाईनं कुठी कुठी ठिगळ लावलं?" तुमी सगळ्या जीपवरून तळहात फिरवला, सगळ्यांदेखत, सावकाश. "मले तर नाई सापडून राह्यलं," तुमी म्हणाले. काकांनी नारळ फोडून पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, अन् त्यानंतर तुमी माझ्या हातून गन कधी मागून घेतली नाई.

तुमी गेले तिथवर हे पोचणार नाई, म्हणून एक सांगूनच टाकते. डाव्या दरवाज्याच्या मुठीखाली माझा प्रायमरचा हात जरा जाड पडला होता. तुमचा तळहात तिथी थांबला, पापणी लवायच्या आत पुढं गेला, अन् खोटं कधी न बोलणारे तुमी माझ्यासाठी खोटं बोलले. मी पाह्यलं होतं, अब्बा. इतकी खुश झाली, की कोणाजवळ बोललीच नाई.