कोड नाही, शिबं आहेत

रत्ना,

काल डॉक्टर ‘कोड नाही, शिबं आहेत’ म्हणाले आणि तुला तिथेच रडू फुटलं. पुढचं तू काही ऐकलंच नाहीस. आज इतक्या दिवसांनी गाढ झोपली आहेस, उठवावंसं वाटेना, म्हणून लिहून ठेवतो.

शिबं म्हणजे कातडीवरची बुरशी. मलम फडताळात आहे. त्यातल्या सॅलिसिलिक ॲसिडने वरची मेलेली कातडी सुटते, आणि मग बेंझोइक ॲसिड बुरशीपर्यंत पोचून तिला मारतं. थोडं चुणचुणेल, घाबरू नकोस. फक्त फोड आलेत तिथे ते बरे होईपर्यंत लावू नकोस.

आईने उगाळलेला बावचीचा लेप आता बंद. तो कोडावरचा. तो लावून उन्हात गेलीस म्हणूनच मानेवर फोड आले. आईला मी सांगितलंय. तुझा चहा तिनेच झाकून ठेवलाय.

बुरशी मेली तरी कातडीचा रंग परत यायला काही महिने लागतील म्हणे. तोवर पदर गळ्याभोवती आवळून बसू नकोस.

ऑफिसच्या आधी घाटकोपरला कुंदाकडे जातोय. तिच्या डोहाळजेवणाला येणार नाही असं तू कळवलं होतंस ना? ‘तुझी वहिनी येणार आणि ओटीही तीच भरणार’ असं तिला सांगून येतो.

आणि माहेरी जायला तू भरलेली ट्रंक मी रिकामी केली. लुगडी दांडीवर आहेत.

मार्तंड